बुडी मारतांना घाई किती करावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरचीं लहानथोर तेरा माणसें कोंकणच्या किनाऱ्यावर गेलीं होतीं. देवदर्शन झालें, किल्ला पाहून झाला, सोलकढीच्या वाट्या रिकाम्या झाल्या, आणि मग तरुण मंडळींनीं हट्ट धरला कीं, समुद्राच्या तळाशीं जाऊन मासे पाहावयाचे. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून पाण्याखालीं उतरण्याच्या ज्या प्रकारास स्क्यूबा म्हणतात, त्याची तोंडओळख करून देणारे लोक आतां मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंत जागोजागीं आढळतात. आमच्या मातोश्रींनीं पुष्कळ शंका काढल्या. पाण्यांत श्वास कसा घ्यावयाचा, मासा अंगावर आला तर काय करावयाचें, आणि पाणी किती खोल? "अग आजी, अवघें तीन-चार पुरुष पाणी," असें सांगून नातवंडांनीं त्यांची समजूत घातली आणि होडी सुटली.

तासाभरानें मंडळी परत आलीं तीं हंसत खिदळत. परंतु त्यांतील आमचा एक पुतण्या मात्र एक हात कानावर ठेवून गुपचूप बसला होता. त्याच्या मुखवट्यांत नाकांतून आलेलें रक्त होतें. दोन दिवसांपासून त्यास पडसें होतें, आणि जाऊं देणार नाहींत या भीतीनें त्यानें तें लपविलें होतें. पाण्याखालीं जाऊं लागतांच कान दुखूं लागला. तळाशीं पोंचल्यावर थांबेल अशा आशेनें त्यानें कळ सोसली. शेवटीं कानांत कांहीं तरी फाटल्यासारखें झालें, दुखणें एकाएकीं थांबलें आणि भोंवतालचा समुद्र गरगर फिरूं लागला. सोबतच्या माणसानें त्यास वर आणलें म्हणून निभावलें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, कानाचा पडदा फाटला आहे. तो पुढें सहा-सात आठवड्यांनीं भरून आला.

मातोश्रींनीं त्यास एकच प्रश्न विचारला: "दुखत होतें, तर थांबला कां नाहींस रे?" त्यावर तो म्हणाला, "सगळे भराभर खालीं चालले होते, आजी. मी एकटाच कसा थांबूं?"

हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. पाण्यांत वर येतांना सावकाश यावें, हें आतां पुष्कळांस ऐकून ठाऊक असतें. परंतु खालीं जातांना किती वेगानें जावें, याविषयीं विचारल्यास जाणते लोकही क्षणभर थांबतात. त्या प्रश्नाचा छडा लावण्याकरितां आम्हीं जें वाचलें आणि जाणत्यांस विचारलें, त्याचें सार येथें देत आहों. ज्यांच्या घरचीं मुलें उद्यां असाच हट्ट धरणार आहेत, त्यांच्या तें उपयोगी पडावें.

ज्यांस समुद्र अपरिचित आहे त्यांनीं प्रथम बोरघाट आठवावा. पुण्याहून मुंबईस जातांना आगगाडी खंडाळा सोडून कर्जताकडे उतरूं लागली कीं कानांस दडे बसतात. मग आपण आवंढा गिळतों किंवा जांभई देतों, कानांत टक् असा आवाज होतो आणि ऐकूं येणें पूर्ववत् होतें. हा घाट उंचीनें सुमारे साडेपांचशें ते सहाशें मीटर. एवढ्या उतरणीनें हवेचा दाब जितका वाढतो, तितकाच दाब समुद्राच्या पाण्यांत एक मीटरही खोल न जातां वाढतो. आगगाडीस या उतरणीला अर्धा-पाऊण तास लागतो. पाणबुड्या तोच घाट दोन-तीन सेकंदांत उतरतो! कानांस तडजोड करण्यास मिळणाऱ्या वेळांत किती अंतर पडलें, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. समुद्राच्या पृष्ठभागावर आपणांवर हवेचा एक पट दाब असतो. पाण्यांत दर दहा मीटरांस तितक्याच दाबाची भर पडते. दहा मीटरांवर दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट, तीस मीटरांवर चौपट, असें तें गणित आहे. दाब जितक्या पट वाढतो तितक्या पटीनें कोंडलेली हवा आक्रसते, हा नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. एखादी लोटी पालथी धरून पाण्यांत नेली, तर दहा मीटरांवर तींतील हवा निम्मी होईल. पुढच्या दहा मीटरांत उरलेल्या हवेचा तिसरा हिस्सा कमी होईल, त्यापुढच्या दहांत चौथा, त्याच्याही पुढें पांचवा. सर्वांत मोठी घट पहिल्या दहा मीटरांत, आणि त्यांतही अगदीं वरच्या दोन-चार मीटरांत होते. खोल पाणी धोक्याचें आणि उथळ पाणी निर्धास्त, अशी आपली सामान्य समजूत असते. बुडण्याच्या भीतीपुरती ती खरी असेल. कानापुरती ती उलटी आहे. जुन्या काळीं पितळी शिरस्त्राण घालून उतरणाऱ्या पाणबुड्यांसही ही गोष्ट ठाऊक होती. खोलांतून आणखी दहा मीटर घसरण्यापेक्षां पाण्याच्या पृष्ठभागाजवळून दहा मीटर कोसळणें अधिक घातक, असें ते मानीत.

कानाची रचना अशी आहे कीं, पडद्याच्या आंतल्या बाजूस हवेनें भरलेली एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. या कोठडीस नाकाच्या मागच्या भागांत उघडणारी एकच अरुंद वाट आहे. सोळाव्या शतकांतील इटालियन शारीरशास्त्रज्ञ यूस्टाशी याच्या नांवानें ती ओळखली जाते. आपण तिला कंठकर्ण-नलिका म्हणूं. ही नळी एरव्हीं मिटलेली असते आणि गिळतांना किंवा जांभई देतांना क्षणभर उघडते. तिचा एक विशेष असा कीं, कोठडींतील हवेस बाहेर पडावयाचें असेल तर दार आपोआप ढकललें जातें. परंतु बाहेरची हवा आंत यावयाची असेल तर कोणी तरी कडी काढून द्यावी लागते. म्हणून वर येतांना बहुधा कानांस कांहीं करावें लागत नाहीं, आणि खालीं जातांना मात्र दर थोड्या अंतरावर आठवणीनें हवा भरावी लागते.

ही आठवण चुकली तर काय होतें? पाऊण मीटर खोल जाईपर्यंत कानांत दाटल्यासारखें होऊन दुखूं लागतें. सव्वा मीटराच्या सुमारास बाहेरचा दाब त्या नळीचें मऊ तोंड असें घट्ट दाबून धरतो कीं, तें उघडण्याचें सामर्थ्य घशाच्या स्नायूंस उरत नाहीं. दाराबाहेर गर्दी लोटली म्हणजे बाहेरच्या बाजूस उघडणारें दार जसें आंतून उघडतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. त्यापुढें कानाचा पडदा आंत ओढला जातो, कोठडीच्या अस्तरांतून रक्त झिरपतें, आणि सव्वा-दीड मीटरांपासून सहा-साडेसहा मीटरांपर्यंत कोठें तरी, ज्याच्या त्याच्या पडद्याच्या मजबुतीप्रमाणें, तो फाटतो. फाटल्यावर दुखणें थांबतें खरें. परंतु थंड पाणी आंत शिरून तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास धक्का बसतो आणि वर कोठें व खालीं कोठें हेंच कळेनासें होतें. आमच्या पुतण्यास समुद्र फिरल्यासारखा वाटला तो यामुळें. पाणबुड्यांस होणाऱ्या इजांत ही कानाची इजा सर्वांत अधिक आढळते, असें या विषयाचे डॉक्टर सांगतात.

मग वेग किती असावा? अमेरिकेच्या नौदलाच्या नियमांत उतरण्याची कमाल मर्यादा मिनिटास ७५ फूट, म्हणजे सुमारे २३ मीटर, अशी दिली आहे. हा आंकडा ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, इतक्या वेगानें जावयास हरकत नाहीं. परंतु हिशेब करून पाहा. या वेगानें तीन-चार पुरुष पाणी अवघ्या सोळा सेकंदांत उतरून होतें. आणि जेथें नळीचें तोंड दाबलें जातें ती सव्वा मीटराची पायरी तीन सेकंदांत येते! तीन सेकंदांत नवशिक्या मनुष्य नाकाकडे हातही नेत नाहीं. तो आंकडा सरावलेल्या, निरोगी, कामानिमित्त उतरणाऱ्या माणसांकरितां घातलेलें कुंपण आहे. गांठावयाचें ठिकाण नव्हे.

येथेंच उतरणें आणि चढणें यांतील भेद लक्षांत येतो. दाबाखालीं रक्तांत विरघळलेला नायट्रोजन वर येतांना बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं पाहतो. तें कोणास दिसत नाहीं, आणि त्या वेळीं कांहीं दुखतही नाहीं. म्हणून जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९०८ सालीं टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें दिलीं, आणि आज अमेरिकेचें नौदल वर येण्याचा वेग मिनिटास ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर, ठरवून देतें. चढतांना शरीर सूचना देत नाहीं, म्हणून घड्याळाचा व आंकड्याचा आधार घ्यावा लागतो. उतरतांना मात्र शरीर स्वतःच सूचना देतें. ती ऐकणें एवढेंच आपलें काम. चढण्याचा नियम कोष्टकाचा आणि उतरण्याचा नियम कानाचा, हें एक सूत्र ध्यानांत ठेवल्यास पुरे.

झपाट्यानें उतरण्याच्या बाजूनेंही कांहीं म्हणण्यासारखें आहे, तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. खोल पाण्यांत काम करणाऱ्यांचा वेळ पृष्ठभाग सोडल्या क्षणापासून मोजला जातो. वाटेंत रेंगाळल्यास कामाचा वेळ तेवढा कमी होतो. जेथें प्रवाह जोराचा असतो तेथें सर्वांनीं एकदम खालीं जाणें इष्ट असतें, नाहीं तर सोबती एकमेकांपासून दूर वाहत जातात. मन्नारच्या आखातांतील मोत्यांचे पाणबुडे दोराला बांधलेल्या दगडाच्या भारानें झपाट्यानें तळ गांठीत. ग्रीस देशांतील स्पंज काढणाऱ्यांची रीतही तशीच होती. त्यांच्यांतील स्टाथिस हाट्झिस नांवाच्या मनुष्यानें १९१३ सालीं एका इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर सत्तर मीटरांहून अधिक खोलांतून, पाठीवर नळकांडें नसतांना, एका श्वासावर शोधून दिला. डॉक्टरांनीं त्यास तपासलें तेव्हां त्याच्या कानांचे पडदे शाबूत नव्हते, आणि त्यास ऐकूंही कमी येत होतें. त्याचें साहस अलौकिक खरें. परंतु अशा वेगाची किंमत कोणत्या नाण्यानें चुकवावी लागते, हेंही त्याच्याच कहाणींत दिसतें. सुट्टींत मासे पाहावयास गेलेल्या मुलानें ती किंमत कां द्यावी?

वेग हातीं ठेवण्यास आणखी एक अडचण आहे. अंगांतील रबरी पोशाखांत हवेचे असंख्य सूक्ष्म कण असतात, आणि त्यांच्यामुळें मनुष्य वर तरंगूं पाहतो. म्हणून कमरेस शिशाचीं वजनें बांधतात. खालीं जाऊं लागलें कीं तो पोशाख दाबानें आक्रसतो, तरंगण्याचें बळ कमी होतें आणि वजन मात्र तेंच राहतें. परिणाम असा कीं, उतारावर सुटलेल्या गाडीप्रमाणें बुडणाराचा वेग आपोआप वाढत जातो. सरावलेला पाणबुड्या आपल्या जाकिटांत थोडी थोडी हवा सोडून गाडीस ब्रेक लावतो. नवशिक्यानें नांगराचा किंवा खुणेचा दोर हातीं धरावा आणि पाय खालीं, डोकें वर, अशा स्थितींत हातहात उतरावें. डोकें खालीं करून सूर मारल्यास नळी उघडणें अधिक अवघड जातें. दोराचा मोठा गुण असा कीं, पाहिजे तेथें थांबतां येतें.

कानांत हवा भरण्याच्या युक्त्या सोप्या आहेत. नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, नाकांतून हलकेच हवा सोडूं पाहणें ही पहिली युक्ति. इटालियन वैद्य वाल्साल्व्हा यानें १७०४ सालच्या आपल्या कर्णविषयक ग्रंथांत ती वर्णिली. नाक धरून आवंढा गिळणें ही दुसरी. ती लंडनचा कर्णवैद्य टॉइनबी याच्या नांवानें चालते. तिसरींत नाक धरून, छातीचा जोर न लावतां, जिभेचा मागचा भाग दट्ट्यासारखा वर सारून हवा ढकलतात. ती फ्रेंझेल या जर्मन वैद्याची असून सूर मारणाऱ्या विमानांतील वैमानिकांस उपयोगी पडत असे. यांपैकीं जी साधेल ती वापरावी. परंतु पाण्यांत शिरण्यापूर्वीं काठावरच एकदां करून पाहावी, आणि उतरूं लागल्यावर दर अर्ध्या-पाऊण मीटरास, दुखण्याची वाट न पाहतां, पुनः करावी. पहिले दहा मीटर उतरण्यास दोन-तीन मिनिटें लागलीं तरी त्यांत कमीपणा मानूं नये.

संध्येस बसणाऱ्या घरांत नाकाकडे हात नेण्याची संवय नवी नाहीं. मात्र दोन गोष्टींत प्राणायामाचा संस्कार येथें आवरावा लागतो. एक म्हणजे, नळकांड्यांतील हवेवर असतांना कुंभक कदापि करूं नये. वर येतांना छातींत कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटूं शकतें; म्हणून श्वासोच्छ्वास अखंड चालूं ठेवावा. दुसरें, नाक धरून जोर करूं नये. नळी उघडत नसेल आणि मनुष्य हट्टानें जोर करूं लागला, तर त्या दाबानें अंतर्कर्णाचा नाजुक पापुद्रा फाटण्याचा संभव असतो. मध्यकर्णाचा पडदा बहुधा भरून येतो. अंतर्कर्णास झालेली इजा पुष्कळदां जन्माची सोबतीण होते. कान मोकळा होत नसेल तर उपाय एकच आहे: मीटरभर वर यावें, दाब सैल होऊं द्यावा आणि पुनः हलकेच प्रयत्न करावा. तरीही न साधल्यास त्या दिवशीं समुद्रास नमस्कार करून होडींत बसावें.

पडसें असतांना उतरूंच नये. नळीचें तोंड सुजलेलें असतें. नाकांत औषधाचे थेंब सोडून वाट मोकळी करतां येते; पण त्यांचा अंमल पाण्याखालींच उतरला, तर वर येतांना फुगणारी हवा आंतच कोंडते, आणि खालीं राहतां येत नाहीं व वर येतां येत नाहीं असा प्रसंग ओढवतो. लहान मुलांची नळी मोठ्यांच्या मानानें अरुंद व आडवी असते. त्यांच्याविषयीं अधिकच जपावें. नाक न झांकणारा नुसता पोहण्याचा चष्मा घालून खोल जाऊं नये; नाक झांकणारा मुखवटा असेल तर उतरतांना त्यांत नाकानें थोडी हवा सोडीत जावें, म्हणजे तो डोळ्यांवर दाबून बसत नाहीं.

आतां आमच्या पुतण्याच्या उत्तराकडे वळूं. त्याला वेगाचें गणित ठाऊक नव्हतें, हें खरें. परंतु गणित ठाऊक असतें तरी तो थांबला असता असें आम्हांस वाटत नाहीं. चौघांत आपणच मागें पडलों तर हंसें होईल, ही त्याची खरी अडचण होती. तोंडओळखीच्या बुडींत सोबतचा जाणता मनुष्य नवशिक्यास हातानें धरून नेत असतो, म्हणजे वेग त्याच्या हातीं असतो. परंतु दुसऱ्याचा कान त्याला दुखत नाहीं. तें त्यास कळविण्यास खूणच पाहिजे. म्हणून होडींत बसण्यापूर्वींच खुणा पाठ कराव्या. पंजा आडवा धरून डोलवावयाचा, म्हणजे कांहीं तरी बिघडलें आहे. मग बोटानें कान दाखवावयाचा. आंगठा व तर्जनी जुळवून केलेलें वर्तुळ म्हणजे सर्व ठीक. आणि आंगठा वर करणें याचा अर्थ जमिनीवर जरी 'छान' असा असला, तरी पाण्यांत त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. आनंदाच्या भरांत आंगठा दाखवून वर ओढले गेलेले पुष्कळ आहेत. त्यांत नुकसान कांहीं नाहीं. नुकसान आहे तें कळ येत असतां वर्तुळ दाखविण्यांत.

वडील माणसांनींही एक गोष्ट करावी. मूल निघतांना "भिऊं नकोस" असें आपण सांगतों. त्याच्याबरोबर "दुखलें तर थांब, आम्ही हंसणार नाहीं" एवढें आणखी सांगावें. आम्हीं तें सांगितलें नव्हतें. जाणते पाणबुडे आपसांत असा संकेत पाळतात कीं, जोडींतील ज्याचा कान सर्वांत मंद, त्याच्या गतीनें सर्वांनीं उतरावें. आणि थांबणाऱ्यास कारण विचारूं नये. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हा संकेत अपरिचित वाटूं नये. तीर्थयात्रेस निघालेलें घर नेहमींच आजीच्या पावलानें चालत आलें आहे, आणि तरीही देवळास वेळेवर पोंचत आलें आहे.

आमच्या पुतण्याचा कान आतां बरा आहे. डॉक्टरांनीं तपासून परवानगी दिल्यास पुढील सुट्टींत पुनः उतरण्याचा त्याचा विचार आहे, आणि मातोश्रींनींही त्यास हरकत घेतलेली नाहीं. त्यांची अट एकच आहे. त्यानें सर्वांच्या मागून उतरावें.